पडदा पेडण्यात, संगणक डिचोलीत

डिचोलीच्या खाणीचा उभा कापलेला कडा पाहिलाय कधी? वर लाल माती, खाली जांभा, त्याखाली पिवळट-जांभळी भुसभुशीत माती आणि मग ज्यासाठी एवढा खटाटोप ते लोहखनिज. गोव्यातल्या एखाद्या जुन्या हायस्कूलची कॉम्प्युटर लॅबही तशीच थराथरांची असते. कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली फुगीर काचेचा मॉनिटर, शेजारी परदेशात वापरून झालेला आणि इथे लिनक्स घालून पुन्हा उभा केलेला डबा, मधल्या रांगेत कुठल्या तरी सरकारी योजनेतून आलेली विंडोजची यंत्रं, ऑफिसात क्लार्कच्या टेबलावर त्यातल्या त्यात नवं यंत्र, आणि सरांच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा लॅपटॉप. एकाची फाइल दुसऱ्यात धड उघडेल याची खात्री नाही.

आणि तरीही सर आपल्या जागेवर बसून सगळ्यांचे पडदे पाहू शकतात. त्यांच्या लॅपटॉपवर एकाच खिडकीत पोस्टाच्या तिकिटांएवढी वीसेक चित्रं असतात, प्रत्येक चित्र म्हणजे एका मुलाचा चालू पडदा. एकावर टिचकी मारली की तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा पडदा मोठा होतो. सर इथे माउस हलवतात, बाण तिथे हलतो. ती दचकते आणि मागची मुलं हसतात. हे करून देणारं 'व्हेयॉन' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि पूर्वी त्याचं नाव 'आयटाल्क' होतं.

आता एवढी सवय झाली आहे की यात नवल काय, असं वाटतं. पण ज्यांचं फाइलींवर, फाँटांवर, कशावरच एकमत होत नाही, त्या यंत्रांचं एकमेकांना पडदा दाखवण्यावर मात्र कसं जमलं? उत्तर इतकं साधं आहे की पहिल्यांदा ऐकताना फसवल्यासारखं वाटतं. ही यंत्रं ज्याच्याबद्दल भांडण होऊच शकत नाही अशा एकाच गोष्टीवर सहमत झाली: पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांचा चौकोन.

आधी त्या कोपऱ्यातल्या परदेशी डब्याची गोष्ट, कारण गोव्यात दूरचा पडदा पाहण्याची सुरुवात तिथूनही झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' उभा राहिला. तिकडच्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले संगणक इकडच्या शाळांना द्यायचे, हा विचार. पुढे सरकारने 'सायबरएज' योजनेतून अकरावीच्या मुलांना घरी संगणक दिले. पण त्याआधी शाळेच्या लॅबसाठी हे जुने डबे म्हणजेच श्रीमंती होती. अडचण अशी की डबे जुने, स्मृती तोकडी, आणि त्यांवर त्या काळचं विंडोज धड चालणार नाही; चाललं तरी परवान्याचे पैसे कुठून आणायचे? म्हणून लिनक्स आलं, आणि त्यासोबत 'थिन क्लायंट' ही युक्ती आली.

युक्ती अशी. लॅबमध्ये एकच बरं यंत्र ठेवायचं, त्याला सर्व्हर म्हणायचं. बाकीच्या म्हाताऱ्या डब्यांमधली हार्ड डिस्क काढून टाकली तरी चालते. बटण दाबलं की डबा फ्लॉपीवरून किंवा नेटवर्क कार्डावरून जागा होतो, तारेवर हाक मारतो, सर्व्हर त्याला सुरुवातीपुरतं सामान पाठवतो, आणि त्यानंतर डबा फक्त पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळतो. चित्र काढायचा प्रोग्राम, लिहायचा प्रोग्राम, मुलांच्या फाइली, सगळं सर्व्हरवर. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट'ने हे शाळांच्या आवाक्यात आणलं. दहा वर्षं जुनं यंत्र अचानक सर्व्हरच्या वेगाने पळायला लागतं, कारण पळणारा दुसराच असतो. आणि मुलांना लागणारा शोध त्याहून गमतीचा: काल खिडकीजवळच्या यंत्रावर काढलेलं चित्र आज दाराजवळच्या यंत्रावर उघडतं. 'माझा कॉम्प्युटर' ही कल्पनाच तिथे गळून पडते.

या मांडणीत तारेवरून जातं तरी काय? इथे दोन घराणी आहेत, आणि त्यांतला फरक समजला की बाकीचं आपोआप उलगडतं.

पहिलं घराणं सूचना पाठवतं. 'इथून इथपर्यंत रेघ ओढ, इथे निळी खिडकी काढ, या फाँटात हे अक्षर लिही.' समोरच्या यंत्राने ते रेखाटायचं. लिनक्स-युनिक्सवरची 'एक्स विंडो' ही पद्धत अशी. ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये जन्मली आणि वरच्या थिन क्लायंटांमागे तीच होती. मायक्रोसॉफ्टची 'रिमोट डेस्कटॉप' पद्धत, जी १९९८ च्या एनटी टर्मिनल सर्व्हरबरोबर बाजारात आली, तीही मुळात याच वळणाची. सूचना छोट्या असतात, त्यामुळे तारेवर ओझं कमी. पण सूचना पाळणाऱ्याला रेघ, खिडकी, फाँट या सगळ्याची समज हवी. दोन्ही बाजूंना एकच भाषा आणि बरीचशी समान शिदोरी हवी. मिश्र नेटवर्कात घोडं नेमकं इथे अडतं.

दुसरं घराणं सूचनांच्या भानगडीत पडत नाही. पडद्यावर शेवटी जे उमटलं आहे तेच पाठवतं. कुठला प्रोग्राम, कुठली खिडकी, काही सांगत नाही. अमुक जागी, एवढ्या रुंदी-उंचीचा चौकोन, त्यातले ठिपके हे असे. बस. प्रत्येक संगणकात चित्र काचेवर जाण्याआधी स्मृतीच्या एका पट्ट्यात ठिपक्या-ठिपक्याने मांडलेलं असतं, त्याला फ्रेमबफर म्हणतात. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, तो पट्टा सगळ्यांकडे असतो. मग तोच लांबून वाचला तर?

हा विचार तडीस नेला इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतल्या चौघांनी: ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर. १९९८ च्या सुरुवातीला त्यांनी 'व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग' या नावाने तो जगापुढे मांडला. आपण म्हणतो ते व्हीएनसी हेच. यातल्या स्टॅफर्ड-फ्रेझर यांचा आणखी एक उद्योग जास्त प्रसिद्ध आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं होतं एका खोलीत आणि पिणारे विखुरलेले सगळ्या इमारतीत. जिने उतरून जावं तर भांडं रिकामं. १९९१ मध्ये त्यांनी आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखून त्याचं छोटं करडं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आणलं. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि जगातला पहिला वेबकॅम ठरलं. २००१ मध्ये तो बंद झाला. लांबचं चित्र इथे बसल्या बसल्या बघायची खोड माणसाला एकदा लागली की सुटत नाही, एवढं यावरून दिसतं.

व्हीएनसीचा करार इतका साधा आहे की तारेवर कान लावून तो ऐकता येतो. तारेवरची वाहतूक टिपणारा प्रोग्राम चालू करून मी एका लिनक्स यंत्राचा पडदा विंडोजवरून उघडला. दुसऱ्या बाजूने आलेली पहिली गोष्ट बारा बाइटांची होती: आरएफबी ही तीन अक्षरं, रिकामी जागा, ००३, टिंब, ००८, आणि ओळ संपल्याची खूण. म्हणजे, 'मी या कराराची ३.८ आवृत्ती बोलतो, तुमचं काय?' माझ्याकडूनही तेवढेच बारा बाइट गेले. मग पासवर्ड. तो तारेवरून जात नाही. सर्व्हर सोळा बाइटांचा एक यादृच्छिक तुकडा पाठवतो, बघणाऱ्याने पासवर्डच्या किल्लीने तो कुलूपबंद करून परत द्यायचा, आणि सर्व्हर ताडून पाहतो.

त्यानंतर बघणाऱ्याकडून एकच बाइट जातो. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला बाइट हाच. तो शून्य असेल तर अर्थ होतो, 'हा पडदा मला एकट्याला हवा, बाकीच्यांना घालवा.' शून्य नसेल तर, 'इतर कोणी बघत असतील तर बघू देत, मीही बसतो.' सामायिक पाहण्याचा सगळा प्रश्न त्या एका बाइटात उरकला. वर्गातले वीस जण सरांचा पडदा एकाच वेळी पाहतात तेव्हा वीस यंत्रांनी हा बाइट शून्याव्यतिरिक्त काहीतरी पाठवलेला असतो. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला एवढ्या प्रश्नावर दोन तास जातील.

मग सर्व्हर पडद्याची रुंदी, उंची आणि नाव सांगतो, आणि बघणारा सांगतो की मला ठिपके कसे हवेत. एका ठिपक्याला किती बिट, लाल-हिरवा-निळा कुठल्या क्रमाने, आणि मोठा बाइट आधी की लहान. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण मिश्र नेटवर्कातलं खरं दुखणं तोच. इंटेलची यंत्रं लहान बाइट आधी ठेवतात. सन कंपनीची जुनी वर्कस्टेशनं आणि इंटेलकडे वळण्यापूर्वीचे अॅपलचे मॅक मोठा आधी ठेवत. उलटसुलट झालं की चेहरे हिरवे आणि आकाश नारिंगी. व्हीएनसीने या वादाचा निकाल एका बाजूने लावून टाकला: बघणारा म्हणेल तसंच, आणि बदल करून द्यायचं काम सर्व्हरचं. बघणाऱ्याला काहीच यायची गरज नाही. म्हणूनच त्या काळी विंडोजवरचा व्हीएनसी पाहायचा प्रोग्राम दीडशे किलोबाइटच्या आसपास होता, फ्लॉपीवरून सरळ चालायचा. बघणारं टोक मुद्दाम भोळं ठेवलं आहे, आणि त्याच्या भोळेपणामुळेच ते कुठल्याही यंत्रावर बसतं, पुढे मोबाइलवरही बसलं.

पण ठिपके म्हणजे ओझं. १०२४ बाय ७६८ चा पडदा घ्या, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. गुणाकार होतो सुमारे १५ लाख ७३ हजार बाइट. फोनच्या तारेवरून कुंईकुंई करत जोडणारा ५६ किलोबिटचा मोडेम आठवतो? त्यावरून असा एक पडदा यायला पावणेचार मिनिटं लागली असती. माउस हलवला की पुन्हा पावणेचार मिनिटं! मग हे चालतं कसं?

चालतं ते आळशीपणाने. पहिल्यांदा पूर्ण पडदा एकदा येतो. नंतर बघणारा दहा बाइटांचा एक निरोप पाठवतो: 'मागच्या वेळेपासून काय बदललं तेवढंच दे.' काही बदललं नसेल तर सर्व्हर गप्प बसतो. एक अक्षर टाइप झालं तर त्या अक्षरापुरता चौकोन येतो: बारा बाइटांत त्याची जागा, आकार आणि भरण्याची पद्धत, आणि मागोमाग ठिपके. तेही ६४ बाय ६४ च्या तुकड्यांत पाडून आवळलेले; सगळा पांढरा तुकडा असेल तर 'पांढरा' एवढंच.

आणि गंमत म्हणजे कित्येकदा ठिपके पाठवावेच लागत नाहीत. समजा, तुम्ही लांबच्या यंत्रावरची एक मोठी खिडकी उचलून डावीकडे ठेवली. अर्धा पडदा बदलला. पण त्या खिडकीचं चित्र बघणाऱ्याकडे आधीच आहे, फक्त जुन्या जागी. मग सर्व्हर एवढंच म्हणतो: 'तुझ्याकडे तिथे आहे ते उचल आणि इथे ठेव.' या निरोपाची किंमत वीस बाइट. चार निरोपाच्या मथळ्याचे, बारा चौकोनाचे, चार जुन्या जागेचे. अर्धा पडदा सरकवायला वीस बाइट! 'पडद्यावरच्या' हे एकच रूप आज युनिकोडमध्ये साठवायचं तर यापेक्षा जास्त बाइट लागतात.

आणखी एक हुशारी आहे, लगेच न दिसणारी. बदल मागायचा तो बघणाऱ्याने, सर्व्हरने आपणहून ढकलायचा नाही. त्यामुळे तार मंद असेल किंवा बघणारं यंत्र म्हातारं असेल, तर त्याची मागणीच उशिरा येते, आणि मधल्या काळातले सगळे बदल एकत्र होऊन फक्त शेवटची अवस्था येते. तुंबण्याचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात एखाद्या वाड्यावर नेट रांगायला लागतं तेव्हा पडदा धक्क्याधक्क्याने बदलतो, पण मागे पडत नाही. जेव्हा दिसतो तेव्हा ताजाच दिसतो.

उलट्या दिशेला तर आणखी कमी जातं. कळ दाबली की आठ बाइट, सोडली की आठ. माउस हलला की सहा.

आता मराठी माणसासाठी खास नवलाची गोष्ट. युनिकोड रुळण्याआधीचे दिवस आठवा. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फाँटात पणजीत टाइप केलेलं पत्र पेडण्याच्या यंत्रावर उघडलं की तिथे तो फाँट नसल्यामुळे मराठीच्या जागी टिंबं, टोप्या आणि परदेशी उच्चारचिन्हांची जत्रा भरायची. डीटीपीवाल्यांनी या एका कारणापायी फ्लॉपीत पत्राबरोबर फाँटही पाठवले आहेत. पण तेच पत्र पणजीच्या यंत्रावर उघडं ठेवून त्याचा पडदा पेडण्याहून पाहिला तर अक्षरन् अक्षर स्वच्छ. पाहणाऱ्या यंत्राला देवनागरी म्हणजे काय हेच ठाऊक नसलं तरी चालतं, कारण त्याच्यापर्यंत अक्षर पोचतच नाही, पोचतात काळे-पांढरे ठिपके. काना, मात्रा, रफार, जोडाक्षर लावायची सगळी मेहनत तिकडे आधीच झालेली असते.

तारेवर याचं रूप पाहायला मजा येते. इनस्क्रिप्ट कीबोर्डावर 'डिचोली' टाइप करा. ड, मग ऱ्हस्व वेलांटी, च, ओकार, ल, दीर्घ वेलांटी: सहा कळा, दाबणं-सोडणं मिळून बारा घटना, म्हणजे इकडून तिकडे गेलेले एकूण ९६ बाइट. तिकडून परत येणारे चौकोन मात्र इंग्रजीपेक्षा वेगळे वागतात. इंग्रजी अक्षर आलं की चौकोन उजवीकडे एक पाऊल टाकतो. मराठीत 'ड'नंतर ऱ्हस्व वेलांटी दाबली की ती 'ड'च्या डावीकडे जाऊन बसते, 'ड' बिचारा उजवीकडे सरकतो, आणि येणारा चौकोन मागे जाऊन दोघांनाही पुन्हा रंगवतो. व्हीएनसीच्या कर्त्यांनी देवनागरीचा विचार केला असेल असं वाटत नाही. करायची गरजच नव्हती: बदललेला चौकोन पाठवा म्हटलं की वेलांटी कुठल्या बाजूला बसते याची चौकशी करावीच लागत नाही.

पण डोळ्यांनी जे इतकं सहज येतं ते हातांनी तितकं सहज जात नाही. कळ पाठवताना ठिपके पाठवून भागत नाही, तिथे अक्षराचं नाव सांगावं लागतं. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी लहान 'के'चा १०७. आपल्या 'क'चा १६७७९५४१. हा अक्राळविक्राळ आकडा आला कुठून? 'क'चा युनिकोड क्रमांक २३२५, आणि 'हे युनिकोड आहे बरं का' हे सांगायला त्यात मिळवलेले १६७७७२१६. इथे बघणारं यंत्र मराठी कीबोर्डावर असेल तर हा आकडा जातो, आणि तिकडच्या यंत्राला प्रश्न पडतो की माझ्या कीबोर्डावर या क्रमांकाची कळ कुठली? काही सर्व्हर तत्काळ एक काल्पनिक कळ तयार करून वेळ मारून नेतात, काही जुने सरळ दुर्लक्ष करतात, आणि आपण इकडे कळ बडवत बसतो. बहुतेक वेळा कामी येणारी युक्ती अशी की आपला कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि मराठी फक्त तिकडच्या यंत्रावर चालू करायची. दोन्हीकडे मराठी लावली की गोंधळ ठरलेला.

या सगळ्यातून निघणारा एक परिणाम सुरुवातीला जादूसारखा वाटतो. बघणाऱ्याकडे काहीच साठवलेलं नसल्यामुळे तो गेला तरी काही बिघडत नाही. पेडण्यात जोराचा वारा सुटला, माड वायरवर पडला, लाइट गेली, समोरचा पडदा काळा झाला. डिचोलीच्या यंत्राला याची खबरही नसते. अर्धं वाक्य लिहून झालं होतं, कर्सर 'आणि'पुढे लुकलुकत होता. दोन तासांनी दुसऱ्या यंत्रावरून, दुसऱ्या गावातून, हवं तर मोबाइलवरून जोडणी करा: 'आणि'पुढे कर्सर लुकलुकतोच आहे. लिनक्सवर तर याहून पुढची मजल आहे. तिथे व्हीएनसीचा सर्व्हर असा पडदा तयार करतो जो कुठल्याच काचेवर नाही. मॉनिटर न जोडलेला डबा कपाटात बंद, आणि त्याच्या स्मृतीत चार जणांचे चार पडदे, प्रत्येकाची वेगळी पार्श्वभूमी, वेगळ्या खिडक्या. कोणी पाहत नसतानाही त्यावर बाण आपल्या जागी उभा असतो. विंडोजवरचं व्हीएनसी मात्र काचेवर असलेलाच पडदा दाखवतं, त्यामुळे तुम्ही लांबून काम करत असताना त्या खोलीतला माणूस आपोआप हलणारा बाण पाहत उभा राहतो.

आणि दोघांनी एकाच वेळी माउस धरला तर? यंत्र काहीच करत नाही. बाण एकच असतो. दोघांच्या हालचाली जशा येतात तशा लागू होतात, आणि बाण दोन मुलांच्या हातातल्या पतंगासारखा खेचला जातो. शेवटी तोंडानेच सांगावं लागतं, 'थांब रे, मी दाखवतो.' म्हणून वर्गात सरांचा पडदा मुलांना दाखवताना 'फक्त पाहा' हा पर्याय लावतात. १९६८ च्या ९ डिसेंबरला डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पडदा सामायिक करून दाखवला तेव्हा त्यांचा सहकारी सुमारे ४८ किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये बसला होता, आणि एकाच पडद्यावर दोघांचे दोन बाण होते. अर्ध्या शतकानंतर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच बाण आहे, हे मला जरा लाजिरवाणं वाटतं.

लॅबच्या भिंतीबाहेर पडलं की वेगळाच प्रश्न उभा राहतो. लॅबमध्ये प्रत्येक यंत्राचा पत्ता माहीत असतो. व्हीएनसी ५९०० क्रमांकाच्या दारावर थाप मारतं आणि आत जातं. पण मांद्र्यातल्या घरातलं यंत्र राउटरच्या मागे असतं. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. मग बंगळूरचा मुलगा वडिलांच्या यंत्रात शिरतो कसा? 'बाबा, एनीडेस्क उघडा आणि नंबर सांगा' हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. त्यात होतं असं: बाबांचं यंत्र आणि मुलाचं यंत्र, दोघंही आपापल्या घरातून बाहेर पडून तिसऱ्याच एका सर्व्हरला गाठतात. नंबर ही तिथली ओळख. तो मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर त्यांना थेट बोलू देतो, नाही तर स्वतःच निरोप इकडून तिकडे करत राहतो. दोन्ही दारं आतूनच उघडलेली असतात.

म्हणूनच तो नंबर ओळखीच्या माणसालाच सांगायचा असतो. बँकेतून बोलतोय म्हणत तो मागणाऱ्यांचा सुळसुळाट इतका झाला की फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन सावधगिरीची सूचना काढली. नंबर आणि परवानगी दिली की समोरच्याला तुमचा फ्रेमबफर मिळतो, आणि ओटीपीही शेवटी ठिपक्यांतच उमटतो. मूळ व्हीएनसीही या बाबतीत गरीब गायच: पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं मोजायची, आणि त्यानंतरची सगळी वाहतूक उघडी. शाळेच्या खोलीत ते खपून जातं. इंटरनेटवर ५९०० चं दार उघडं टाकून ठेवणं म्हणजे वेडेपणा. तिथे एसएसएचच्या बोगद्यातून किंवा व्हीपीएनवरूनच जावं.

अंतराचं म्हणाल तर जमिनीवर ते जवळजवळ उरलेलंच नाही. काचतंतूत प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. पणजी ते पेडणे तीसेक किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाचा सहावा भागही लागत नाही. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कचा काचतंतू गावच्या पंचायतीपर्यंत पोचला आहे, त्यावरून पणजीचा पडदा शेजारच्या टेबलावरचा वाटायला हरकत नाही. वेळ जातो तो वळणावळणाच्या राउटरांत आणि कमजोर वायफायमध्ये. उपग्रहावरून जायचं असेल तर मात्र गोष्ट निराळी. ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत कळ चढून उतरायची, मग ठिपके चढून उतरायचे. अर्धा सेकंद असाच गेला. त्या अर्ध्या सेकंदात माणूस कळ पुन्हा दाबतो आणि 'पेपेडणे' होतं.

ज्या आळशीपणावर हे सगळं उभं आहे, तो एका ठिकाणी मात्र पुरता हरतो. लांबच्या यंत्रावर कोणी व्हिडिओ लावला की सेकंदाला पंचवीस वेळा सगळा चौकोन बदलतो. 'बदललं तेवढंच दे' याचा अर्थ 'सगळंच दे' असा होतो. ठिपके आवळायला वेळ नाही, तार भरून वाहते, आणि चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं तुकड्यातुकड्यांनी उमटतं. म्हणून नवी साधनं, मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपच्या अलीकडच्या आवृत्त्या धरून, पडद्यालाच व्हिडिओ समजून एच-२६४ सारख्या चित्रपटी पद्धतीने आवळतात. त्यासाठी बघणाऱ्या टोकाला पुन्हा थोडं शहाणं व्हावं लागतं, आणि कोपऱ्यातला जुना डबा तिथे मान टाकतो. तेव्हा सरांना वर्गात शिगम्याच्या रोमटामेळाचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर त्यांनी स्वतःचा पडदा वाटत बसू नये. फाइल प्रत्येक यंत्रावर उतरवून द्यावी, आणि 'एक, दोन, तीन' म्हणून सगळ्यांना एकदम बटण दाबायला सांगावं.